कुंडीतील आणि बागेतील पामांना पाणी किती दिवसांनी द्यावे?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

पाऊस ओसरू लागला आहे आणि आमच्याकडे पामांच्या पाण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. गोरेगावच्या आमच्या घरी पश्चिमेकडे तोंड असलेल्या सज्जात बारा इंची कुंड्यांमध्ये दोन अरेका पाम आहेत आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून थोडा दूर, एक रॅफिस पाम आहे. शिवाय सोसायटीच्या आवारात रॉयल पामांची जुनी रांग, एक नारळ आणि या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेले दोन फॉक्सटेल पाम आहेत. आवारातील झाडांची देखरेख सध्या माझ्याकडे आहे.

नर्सरीतून सांगितले होते की अरेकाला रोज एक मग पाणी घालावे. शेजारच्या काकू म्हणतात की आठवड्यातून एकदा पुरे. आवारात काम करणारे माळीकाका पावसाळा सोडून एक दिवसाआड नळी लावतात. आता अरेकाच्या पानांची टोके तपकिरी होऊन वाळली आहेत आणि रॅफिसची खालची पाने पिवळी पडत आहेत. पहिल्या झाडाला पाणी कमी पडते आहे की दुसऱ्याला जास्त होते आहे, की दोन्हींचे कारण पाण्याबाहेरचे आहे, हे मला ठरवता येत नाही. मुंबईच्या हवेत ज्यांनी बरीच वर्षे पाम सांभाळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पोफळी

सोनचाफाताई, कुंडीचा आकार, सज्जाची दिशा आणि झाडाची जात हे तिन्ही सांगितलेत ते फार बरे झाले, कारण उत्तर या तीन गोष्टींवरच अवलंबून आहे. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या महिन्यात बरोबर असतात आणि उरलेल्या महिन्यांत चुकीचे ठरतात. म्हणून मी दिवसांचा आकडा आधी सांगत नाही, पाणी केव्हा द्यायचे ते ओळखण्याची रीत सांगते.

बांबूची एक बारीक काडी कुंडीच्या कडेपासून थोडे आत, चार-पाच इंच खोल खोचून ठेवा आणि काही मिनिटांनी बाहेर काढा. वरचे दीड-दोन इंच काडी कोरडी आणि खाली ती ओलसर, थोडी माती चिकटलेली निघाली, तर अरेकाला पाणी देण्याची ती योग्य वेळ आहे. वरपर्यंत ओली निघाली तर त्या दिवशी पाणी देऊ नका, मग नर्सरीवाल्यांनी काहीही सांगितलेले असो. रॅफिस सावलीत असल्यामुळे तिथे वरचे तीन इंच कोरडे होईपर्यंत थांबले तरी चालते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आहे पण हवाही खेळते आहे, त्या स्थितीत पामाची मुळे सर्वांत चांगले काम करतात. पाणी देण्याचा सगळा उद्देश कुंडी अधिकाधिक काळ त्या स्थितीत ठेवणे हा आहे.

आता मगाविषयी. रोज एक मग ही पद्धत मला सर्वांत घातक वाटते. एका मगाने बारा इंची कुंडीचा फक्त वरचा भाग भिजतो, तो सतत ओला राहतो आणि तळाची मुळे कोरडीच राहतात. पाणी देताना इतके द्यावे की तळाच्या भोकातून ते वाहू लागेल. एवढ्या कुंडीला त्यासाठी साधारण दोन ते तीन लिटर लागतात, तेही एकदम न ओतता दोन-तीन वेळा थांबून. वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर खतांचे साठलेले क्षारही निघून जातात. एरवी हे क्षार कुंडीतच साठतात आणि पानांची टोके जाळतात. तुमच्या अरेकाच्या टोकांचे हे एक संभाव्य कारण आहे.

मुंबईच्या वर्षाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बागकामाची बहुतेक पुस्तके उन्हाळा म्हणजे सर्वाधिक पाणी असे सरसकट सांगतात आणि आपल्याकडे ते तितकेसे खरे नाही. मे महिन्यात आपण घामाने त्रासतो, पण हवेत बाष्प भरपूर असते आणि समुद्रावरून वारा येतो, त्यामुळे पानांतून पाणी त्या मानाने हळू उडते. खरा ताण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत असतो. त्या काळात काही दिवस जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे वाहतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो आणि पारा अडतीस अंशांच्याही वर जातो. त्या दिवसांत पश्चिमेच्या सज्जातील अरेकाची काडी रोज तपासावी लागते आणि लहान कुंडीला रोज पाणी लागूही शकते. मे महिन्यात तेच झाड बहुधा एक दिवसाआडच्या पाण्यावर राहते. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात, वाढ मंदावते आणि तीन-चार दिवसांचे अंतर पुरते. दिवाणखान्यातील रॅफिसला तेव्हा आठ दिवसही चालतात.

पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंडीला पाणी द्यायचे नाही हे सर्वांना माहीत आहे. गोंधळ होतो तो छपराखालच्या कुंड्यांचा. आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, म्हणून एकाच सज्जात कठड्याजवळची कुंडी चिंब असते आणि भिंतीजवळची महिनाभर थेंबाविना राहते. जुलैत हवा दमट आणि उजेड कमी असल्यामुळे भिंतीजवळच्या कुंडीलाही पाच ते आठ दिवसांनीच पाणी लागते, पण ते लागते. आणि कठड्याजवळच्या कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवून भोक मोकळे राहील हे पाहावे लागते. माझ्या पाहण्यात मुंबईतले कुंडीतले पाम एप्रिलपेक्षा ऑगस्टमध्ये अधिक मरतात.

दुसरा धोक्याचा काळ म्हणजे आत्ताचा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने ८ ऑक्टोबर दिली आहे, आणि त्या सुमारास ऊन एकाएकी कडक होते. चार महिने पाणी द्यायची सवय मोडलेली असते. पावसात वरच्या थरात वाढलेली कोवळी मुळे त्या आठवड्यात सुकतात आणि आठ-दहा दिवसांनी पानांची टोके वाळलेली दिसतात. तुमच्या अरेकाला नेमके हेच झाले असावे असा माझा पहिला अंदाज आहे.

निवडुंग

पोफळीताईंच्या प्रतिसादाला वनस्पतिशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. मी महाविद्यालयात हा विषय शिकवत होतो.

पाम हे एकदल वनस्पतींच्या गटातील आहेत. आंब्यासारखे सोटमूळ त्यांना टिकून राहत नाही. बुंध्याच्या तळातून दोरीसारखी, जवळजवळ एकाच जाडीची असंख्य मुळे निघतात आणि ती वयाबरोबर जाड होत नाहीत. खोडाच्या शेंड्याला वाढीचा एकच कोंब असतो. अरेका आणि रॅफिस यांना बुडातून नवे फुटवे येतात, म्हणून त्यांचे एक खोड गेले तरी झुबका जगतो. नारळ, रॉयल पाम, फॉक्सटेल यांचा कोंब मेला की झाड मेले, त्याला फांदी फुटून सावरण्याची सोयच नाही. पाण्याच्या बाबतीत बेसावध राहण्याची किंमत या झाडांमध्ये इतकी मोठी असते ती यामुळे.

मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात, आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओलाव्यात वाढणारे रोगजनक त्यांवर हल्ला करतात. सडलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून अतिपाण्याने मरणारे झाड वरून तहानलेले दिसते. ते पाहून मालक आणखी पाणी घालतो. माती ओली असताना पाने मलूल दिसत असतील तर पाणी ताबडतोब थांबवून एक-दोन मुळे उकरून पाहावीत. निरोगी मूळ घट्ट आणि फिकट रंगाचे असते. सडलेल्या मुळाचे आवरण बोटांनी ओढताच निघून येते, आत बारीक दोरा उरतो आणि वास येतो.

आणखी एका रूढ समजाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा वाढतो असे अनेक जण मानतात. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरची माती संपृक्त होईपर्यंत ते थराच्या वरच अडून राहते. परिणामी चिंब राहणारा भाग तळाऐवजी वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते. भोकावर एक खापरी पुरेशी आहे. निचरा सुधारायचा असेल तर संपूर्ण मातीच बदलावी लागते.

गच्चीवरचे रान

निवडुंग सर, खडीच्या थराबाबत आपले म्हणणे मला पटते, पण व्यवहारातील एक गोष्ट नोंदवतो. मुलुंडला आमच्या गच्चीवर पावसात नुसत्या खापरीभोवती लाल माती चिखल होऊन बसते आणि भोक बुजते. मी भोकावर नारळाच्या काथ्याचा बोळा आणि त्यावर खापरी ठेवतो. त्यामुळे थरही होत नाही आणि भोकही मोकळे राहते.

मातीबद्दल मात्र मी ठाम आहे. मुंबईच्या नर्सऱ्यांतून येणारी झाडे बहुधा निव्वळ लाल मातीच्या गोळ्यात असतात. ही माती ओली असताना चिकट होते, वाळली की विटेसारखी घट्ट बसते आणि आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते, ताटली भरते, आणि आपल्याला वाटते की झाड भरपूर प्यायले, पण मुळांचा गोळा आतून कोरडाच राहिलेला असतो. नुसते कोकोपीट असेल तरी हेच होते, कारण ते एकदा पूर्ण वाळले की सुरुवातीला पाणी धरत नाही. अशी कुंडी बादलीत कडेपर्यंत बुडवून अर्धा तास ठेवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. मी स्वतः लाल माती, जाड रेती किंवा बारीक खडी आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे साधारण समान भाग घेतो आणि त्यात थोडे कोकोपीट मिसळतो.

कुंडी कशाची आहे हेही पाहावे. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडते, म्हणून ती प्लास्टिकच्या किंवा चकचकीत चिनी मातीच्या कुंडीपेक्षा लवकर कोरडी होते. एकाच सज्जात दोन प्रकारच्या कुंड्या असतील तर दोघींना एकाच दिवशी पाणी देण्याचा आग्रह सोडावा. शोभेच्या, भोक नसलेल्या बाहेरच्या कुंडीत प्लास्टिकची कुंडी बसवण्याची पद्धत हल्ली दिवाणखान्यात फार दिसते. सोनचाफाताई, तुमचा रॅफिस तशा कुंडीत आहे का? असल्यास आतली कुंडी उचलून तळाशी पाणी साठले आहे का ते आजच पाहा.

समुद्रकाठ

पाणी कोणते द्यायचे यावरही बोलायला हवे. मी वर्सोव्याला राहतो.

महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येते. ते पावसाचेच पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात आणि पामांना ते चालते. अडचण येते ती किनाऱ्याजवळच्या बोअरवेलच्या पाण्याची. आमच्या आवारात बागेला बोअरचे पाणी आहे आणि उन्हाळ्यात ते चवीला स्पष्ट खारट लागते. नारळ ते सहन करतो, शिंदीलाही फारसे काही होत नाही, पण अरेकाच्या पानांची टोके आणि कडा त्या पाण्याने करपतात. अशा ठिकाणी कुंड्यांना तरी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे, आणि जमिनीतल्या झाडांना बोअरचे पाणी देताना थोडे-थोडे रोज न देता एकदा भरपूर द्यावे, म्हणजे क्षार वरच्या थरात साठणार नाहीत.

वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचेच असते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी ते बादलीत धरून रॅफिसला आणि अरेकाला घालतो. यंत्राची रसायनाने सफाई झाली की त्यानंतरचे काही दिवस मात्र ते टाकून द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते. घरात बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर यंत्रातून बाहेर पडणारे हे पाणी पामाला अजिबात घालू नये.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले आणि उन्हात पडलेल्या नळीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. पाणी सकाळी द्यावे, आणि नळी वापरत असाल तर पहिले पाणी बाजूला सोडून द्यावे.

वाडीवाला

मंडळी, कुंड्यांवर पुष्कळ लिहिले गेले, आता जमिनीतल्या झाडांकडे येतो. आमची वसईला नारळ-पोफळीची वाडी आहे.

नारळासाठी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की आळ्यातून पाणी देत असाल तर कोरड्या ऋतूत प्रत्येक माडाला चार दिवसांतून एकदा सुमारे २०० लिटर द्यावे. ठिबकने रोज देताना याहून बरेच कमी, तीस-चाळीस लिटर पुरतात, कारण पाणी वाया जात नाही. आळे बुंध्यापासून साधारण १.८ मीटर त्रिज्येचे असावे, कारण माडाची बहुतेक मुळे दोन मीटरच्या आतच असतात. शहरात मी नेहमी पाहतो की नळी बुंध्याला टेकवून दहा मिनिटे सोडली जाते. त्याने बुंधा भिजतो आणि मुळांचा पसारा कोरडा राहतो.

आळ्यात आच्छादन घातल्याशिवाय पाण्याचा हिशेब पूर्ण होत नाही. नारळाची सोडणे फुगीर बाजू वर करून आळ्यात मांडावीत आणि त्यावर वाळक्या झावळ्यांचे तुकडे पसरावेत. सोडणे पाणी धरून ठेवतात, कित्येक वर्षे टिकतात आणि शेवटी कुजून खत होतात. मुंबईतल्या सोसायट्या शहाळ्यांची सोडणे कचऱ्यात देतात आणि बागेसाठी आच्छादन विकत आणतात, याचे मला वाईट वाटते.

नारळाला पाण्याचा ताण पडला की त्याचा परिणाम ताबडतोब दिसत नाही. फुलोरा बाहेर येण्यापूर्वी बराच काळ कोंबात तयार होत असतो, म्हणून एका उन्हाळ्याच्या दुर्लक्षाचा परिणाम पुढच्या दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नात उतरतो. सोसायटीचा माड "यंदा का धरत नाही" असे विचारले जाते तेव्हा मी मागच्या उन्हाळ्यांची चौकशी करतो.

रॉयल पामांबद्दल. ते मूळचे क्युबा आणि फ्लॉरिडाकडचे, तेथे ओलसर सखल जमिनीतही वाढतात, त्यामुळे पाण्याचा त्यांना तिटकारा नाही. मोठी जुनी झाडे मुंबईच्या पावसावर तगून राहतात, पण डिसेंबर ते मे या काळात आठवड्याला एक खोल पाणी मिळाले तर पाने लवकर गळत नाहीत. तुमच्या आवारात बुंध्यापर्यंत फरसबंदी केली आहे का? तशी असेल तर कितीही नळी लावली तरी पाणी गटारात जाणार. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा उघडी करून घ्या. बाकी सर्व त्यानंतर.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. दोन्ही अरेकांची काडी चार इंचांपर्यंत पूर्ण कोरडी निघाली आणि माती कडेपासून सुटलेली दिसली. दोन्ही कुंड्या बादलीत बुडवून काढल्या आहेत. रॅफिस खरोखरच भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत होता आणि तळाशी पाणी होते. ते ओतून टाकले आहे. एक मूळ उकरून पाहिले, ते घट्ट आणि फिकटच आहे.

मग पिवळी पाने त्या पाण्यामुळेच समजावीत का? पिवळेपणा फक्त सर्वांत जुन्या पानांवर आहे, आणि पातीवर नारिंगी-पिवळे बारीक ठिपके आहेत. रॉयल पामांच्याही खालच्या झावळ्यांवर तसेच ठिपके दिसतात. माळीकाका ती सर्व पाने कापून टाकू या म्हणत आहेत. आवारात फरसबंदी बुंध्यापर्यंतच आहे. ती उघडण्याचा विषय पुढच्या सभेत घेत आहे.

निवडुंग

जुन्या पानांवर असे नारिंगी-पिवळे ठिपके, उजेडात धरले असता किंचित पारदर्शक दिसणारे, हे पोटॅशच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. जुन्या पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मध्यभाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे असे समजावे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याबरोबर ही दोन्ही द्रव्ये मातीतून धुऊन जातात. घरातल्या रॅफिसच्या बाबतीत जुनी झालेली माती हे कारण असू शकेल.

पाने कापू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. झाड जुन्या पानातील पोटॅश काढून नव्या पानाला पुरवत असते. पिवळे पान कापले की तो साठा जातो आणि पिवळेपणा वरच्या पानांवर चढतो. पान पूर्ण वाळून तपकिरी झाल्यावरच काढावे. खत देताना पोटॅश आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेले, हळू विरघळणारे खत द्यावे, आणि ते कोरड्या मातीत कधीही देऊ नये. आदल्या दिवशी पाणी द्यावे, खत टाकावे, पुन्हा पाणी द्यावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. रॉयल पामाच्या किंवा माडाच्या मधल्या, न उमललेल्या सुरळीचा रंग बदलला, ती मलूल झाली किंवा ओढताच हातात आली, तर तो पाण्याचा किंवा खताचा प्रश्न नाही. पावसाळी हवेत तो कोंब कुजण्याचा रोग असू शकतो, आणि त्यात दिवस घालवून चालत नाही.

वाडीवाला

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. आम्ही माडाची शेंडी पावसाआधी साफ करतो आणि कोंबाच्या बुडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरही शेंड्यावर नळीने पाणी मारण्याची हौस टाळावी. आणि पानांवर त्रिकोणी काप दिसले तर ते गेंड्या भुंग्याचे काम असते. त्यावर पाणी वाढवून काही उपयोग नाही.

पोफळी

पानांवर फवारा मारण्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मुंबईच्या दमट हवेत आर्द्रता वाढवण्यासाठी पानांवर पाणी शिंपडण्याची गरज बहुतेक महिने नसते, आणि शिंपडलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते. पण पंधरा दिवसांतून एकदा पाने वरून आणि खालून धुण्याचा मोठा लाभ आहे. रस्त्याकडेच्या घरांत पानांवर धूळ आणि काजळी बसते. वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत पानांच्या खाली लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) वाढतात, त्यांना पाण्याचा जोर सहन होत नाही. त्या खोलीतील झाडावर थेट यंत्राचा झोत येणार नाही असेही पाहावे.

कुंडीखालच्या ताटलीबद्दल कुणी लिहिले नाही. पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करावी, कारण साठलेले पाणी मुळे पुन्हा वर ओढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास बाहेर पडतात. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरी येऊन आधी ताटल्याच तपासतात, ते योग्यच आहे. ताटली आठवड्याला एकदा घासून कोरडी करावी, नुसते पाणी ओतून देऊ नये, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

गच्चीवरचे रान

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जाणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगतो. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व कुंड्या भरपूर भिजवून, निथळल्यावर घरातल्या उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी एकमेकींना टेकवून ठेवतो. एक झाकणाची बादली पाण्याने भरून झाकणाला भोके पाडतो आणि प्रत्येक भोकातून जाड सुती दोरी कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल सोडतो. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवावी लागते आणि दोरी आधी भिजवून घ्यावी लागते. बाहेर पडण्यापूर्वी दोन दिवस ही व्यवस्था घरात असतानाच चालवून पाहावी. कुंडीत उलटी बाटली खोचण्याचा प्रकार मला भरवशाचा वाटत नाही, घट्ट मातीत ती रिकामीच होत नाही आणि भुसभुशीत मातीत तासाभरात संपते.

सोनचाफा

आता नव्या फॉक्सटेल पामांबद्दल विचारते. जूनमध्ये लावल्यापासून त्यांना आम्ही पाणी दिलेलेच नाही, पावसावरच आहेत. पुढे काय करावे?

पोफळी

फॉक्सटेल हा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उत्तरेकडचा, मोठमोठ्या खडकांमधल्या रेताड जमिनीतला पाम आहे. एकदा मुरला की तो पाण्याचा ताण बराच सोसतो आणि साचलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. पण तुमची झाडे अजून मुरलेली नाहीत. त्यांची मुळे बहुधा अजून नर्सरीच्या पिशवीच्या मूळ गोळ्यातच आणि थोडी त्याबाहेर असतील, म्हणून आजूबाजूची जमीन ओली दिसली तरी तो गोळा कोरडा असू शकतो. काडी बुंध्याजवळ, गोळ्यात खोचून पाहा.

या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी गोळा आणि त्याभोवतीचा फूटभर भाग भिजेल एवढे पाणी द्या. डिसेंबरपासून अंतर हळूहळू चार-पाच दिवसांवर न्या आणि आळे दर वेळी थोडे रुंद करा, म्हणजे मुळे पाण्याच्या मागे बाहेर जातील. मार्चमध्ये कोरडे वारे सुरू झाले की पुन्हा दोन दिवसांवर या. दुसरा पावसाळा निघाला की त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत आठवड्याला एकदा खोल पाणी पुरे. त्या जागी पावसात पाणी तुंबत होते का, ते माळीकाकांना विचारा. तुंबत असेल तर पुढच्या जूनपूर्वी बाजूने चर काढावा लागेल.

हिरवी ओसरी

मी या धाग्यावर नवीन आहे. आमच्याकडे ठाण्याला गच्चीवर एक सायकस आहे, नर्सरीत त्याला सागो पाम म्हणतात. वर दिलेले अरेकाचे वेळापत्रक त्यालाही लावावे का?

निवडुंग

लावू नये. सायकस हा पाम नाही. तो पामांपेक्षा फार प्राचीन अशा, फुले न येणाऱ्या वनस्पतींच्या गटातील आहे, आणि त्याचे जाड खोड पाणी व अन्न साठवते. त्याची माती निम्म्याहून अधिक खोलीपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. गच्चीवर उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि थंडीत दहा-पंधरा दिवसांनी पाणी पुरते. पावसाळ्यात कुंडी शक्यतो छपराखाली घ्यावी, आणि पाणी मधल्या शेंड्यात न ओतता कडेने द्यावे. घरात लहान मुले किंवा कुत्रा-मांजर असेल तर त्याच्या बिया आणि पाने विषारी असतात हेही लक्षात ठेवावे.